वृद्ध बुलडॉगचे आरोग्य : सोलापुरी हवामानाच्या संदर्भात एक आढावा

घरातील बुलडॉग सहा-सात वर्षांचा झाला, जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर थबकू लागला, संध्याकाळच्या फेरीत अर्ध्या वाटेवरून मागे वळू लागला आणि रात्री त्याच्या घोरण्याने शेजारच्या खोलीतील माणसांची झोपमोड होऊ लागली, म्हणजे "वय झालं आता त्याचं" हे वाक्य घरातील लहानथोर सर्वांच्या तोंडी येते. आणि त्या वाक्याबरोबरच त्या प्राण्याविषयीची पुढील चौकशीही बहुधा संपुष्टात येते. वाक्य मायेने उच्चारलेले असते, त्यात उपेक्षेचा लवलेशही नसतो, हे मान्य. तथापि त्याच्याखाली तीन अगदी भिन्न बाबी एकत्र दडपल्या जातात. या जातीच्या शरीररचनेतच जन्मतः असलेले व्यंग ही एक, कोणत्याही सजीवाला न चुकणारे वार्धक्य ही दुसरी, आणि ज्यावर निश्चित इलाज आहे असा रोग ही तिसरी. या तिहींची फारकत करणे हाच प्रस्तुत आढाव्याचा हेतू आहे. तो करीत असता माझे एक प्रतिपादन आरंभीच नमूद करतो : सोलापूरसारख्या कोरड्या, प्रखर उन्हाच्या शहरात म्हाताऱ्या बुलडॉगच्या ज्या तक्रारी वयाच्या खाती जमा केल्या जातात, त्यांतील पुष्कळशा वस्तुतः श्वासाच्या खाती जमा व्हावयास हव्यात, आणि ज्याने त्याच्या श्वासाचा नीट बंदोबस्त केला, त्याने त्याच्या वार्धक्यातील निम्मे क्लेश दूर केले.

या जातीचा इतिहास थोडक्यात सांगितल्यावाचून तिची व्यंगे समजणार नाहीत. बांधलेल्या बैलावर श्वान सोडण्याचा जो क्रूर खेळ इंग्लंडात पिढ्यान्पिढ्या चालत आला होता, तो १८३५ साली कायद्याने बंद झाला, आणि त्या खेळासाठी पोसलेल्या श्वानाचे प्रयोजनच उरले नाही. पुढे १८७३ साली तेथे केनेल क्लब स्थापन झाला, १८७५ साली बुलडॉगचा स्वतंत्र क्लब निघाला, प्रदर्शने भरू लागली, आणि चपळ, काटक अशा त्या प्राण्याचे रूपांतर परीक्षकांच्या पसंतीनुसार पिढ्यान्पिढ्या होत जाऊन चेहरा अधिकाधिक आखूड, डोके अधिकाधिक रुंद, छाती भारी, कंबर अरुंद आणि शेपूट मळसूत्राप्रमाणे वळलेले असा आजचा बुलडॉग सिद्ध झाला. या निवडीत हाडे आखूड झाली. परंतु त्या हाडांना लपेटून असणारे मऊ भाग त्या प्रमाणात आखूड झाले नाहीत. मृदू टाळू, जीभ आणि नाकातील मांसल पडदे हे सर्व, मोठ्या खोलीतील सामान लहान खोलीत कोंबावे तसे, त्या आखूड कवटीत दाटीने बसले. नाकपुड्या चिरेसारख्या अरुंद झाल्या, टाळूचे टोक कंठाच्या तोंडावर लोंबू लागले, आणि पुष्कळ बुलडॉगांची श्वासनलिकाही देहाच्या मानाने बारीकच राहिली. वळलेल्या शेपटीशी ज्या जनुकाचा संबंध संशोधकांनी २०१८ साली दाखवून दिला, त्याच्याच प्रभावाने पाठीचे मणकेही पुष्कळदा वेडेवाकडे घडतात.

आणि हा प्राणी येऊन राहिला कोठे, तर ज्या मुलुखाने स्वतःच्या उन्हासाठी स्वतःचा श्वान घडविला होता तेथे. सोलापूर, सांगली, विजापूर, बागलकोट या पट्ट्यातील धनगरांच्या वाड्यांवर आजही आढळणारा कारवानी, ज्याला मुधोळ संस्थानचे अधिपती मालोजीराजे घोरपडे यांच्या आश्रयामुळे मुधोळ हे नाव मिळाले आणि ज्याचे चित्र २००५ साली भारतीय डाक विभागाने तिकिटावर छापले, तो लांब नाकाचा, सडपातळ, आखूड केसांचा श्वान पाहिला म्हणजे या हवेत कोणत्या देहाला सुखाने श्वास घेता येतो याचा दाखला डोळ्यांपुढे उभा राहतो. यास्तव बुलडॉग पाळणाऱ्यास दोष द्यावा असे मला मुळीच वाटत नाही. घरात आलेला जीव घरचाच असतो. मात्र त्याच्यासाठी करावयाची तजवीज कारवानीसाठी करावयाच्या तजविजीहून फार निराळी असते, एवढे ध्यानात ठेवले पाहिजे.

बुलडॉग म्हातारा केव्हा म्हणावा, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजने ब्रिटनमधील पशुवैद्यकीय दवाखान्यांच्या दप्तरांवरून २०२२ साली जी आयुर्मानाची कोष्टके प्रसिद्ध केली, त्यांनुसार सर्व श्वानांचे जन्मकाळचे सरासरी अपेक्षित आयुष्य ११.२३ वर्षे, तर इंग्लिश बुलडॉगचे अवघे ७.३९ वर्षे ठरते. त्याच संस्थेच्या दुसऱ्या पाहणीत २,६६२ बुलडॉगांची तुलना २२,०३९ इतर श्वानांशी केली असता, इतर श्वानांपैकी २५.४ टक्के आठ वर्षांवरचे आढळले, तर बुलडॉगांपैकी केवळ ९.७ टक्के. या आकड्यांवरून निघणारा व्यवहारी निष्कर्ष असा की, अन्य जातींच्या बाबतीत सातव्या-आठव्या वर्षी सुरू करावयाची प्रौढपणाची तपासणी बुलडॉगच्या बाबतीत पाचव्या वर्षापासूनच, आणि तीही वर्षातून एकदा नव्हे तर दर सहा महिन्यांनी, सुरू व्हावी. श्वानाचे एक वर्ष म्हणजे माणसाची सात, हा आपल्याकडील प्रचलित हिशेब येथे सर्वस्वी दिशाभूल करणारा आहे. उलट दहा-अकरा वर्षे जगलेले बुलडॉगही असतात, आणि त्यांच्या बाबतीत वजन बेताचे, नाक मोकळे व घर थंड हे तीन योग बहुधा जुळून आलेले दिसतात.

आता श्वासाकडे वळू. आखूड नाकाच्या श्वानांच्या श्वासमार्गातील हा रोध जन्मतः असला तरी तो स्थिर नसतो. तो वर्षागणिक वाढत जातो. अरुंद नाकपुड्यांतून हवा ओढण्यासाठी छातीला जो जादा जोर लावावा लागतो, त्या जोराने कंठातील मऊ अस्तर आत खेचले जाते, सुजते, आणि काही वर्षांनी कंठाच्या कुर्च्याही आपला ताठपणा गमावून आत कलंडू लागतात. म्हणजे तरुणपणी जो बुलडॉग केवळ घोरत होता, तोच सहाव्या-सातव्या वर्षी चार पावलांत दमू लागतो, त्याचे कारण पायांचे वार्धक्य नसून कंठाचे कोसळणे असू शकते. परंतु घरच्या माणसांना हे सहसा उमगत नाही. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात, ज्यांच्या श्वानांना श्वासरोधाची स्पष्ट लक्षणे होती अशा धन्यांपैकी ५८ टक्क्यांनी आपल्या श्वानाला श्वासाचा कोणताही त्रास नाही असे सांगितले होते. हा अज्ञानाचा नव्हे, सवयीचा परिणाम होय. जो आवाज पिलू असल्यापासून ऐकला तो आवाज आजाराचा असेल हे मन मानावयास तयार होत नाही. "जातच तशी आहे, घोरायचीच" असे म्हणून ते मोकळे होते.

ही सवय मोडण्याचा एक साधा मार्ग आहे. श्वान गाढ झोपलेला असता घड्याळ समोर ठेवून एका मिनिटात त्याची छाती किती वेळा वरखाली होते ते मोजावे, आणि दर आठवड्यास वहीत टिपून ठेवावे. झोपेतील हा आकडा तिसाच्या आत असणे हे स्वस्थतेचे लक्षण होय. तो वारंवार तिसाच्या वर जाऊ लागला तर हृदय किंवा फुप्फुस यांच्याकडे लक्ष देण्याची वेळ आली असे समजावे. त्याचबरोबर तो झोपतो कसा, हेही पाहावे. हनुवटी उशीवर किंवा खुर्चीच्या दांडीवर उंच टेकवून झोपणे, बसल्या बसल्या पेंगणे, तोंडात चेंडू वा खेळणे धरून झोपी जाणे, झोपेत श्वास मध्येच थांबून दचकून उठणे, या गोष्टींचे घरात कौतुक होते, चित्रे काढली जातात. वस्तुतः श्वासमार्ग उघडा ठेवण्यासाठी त्या मुक्या प्राण्याने शोधून काढलेले ते उपाय असतात. अमेरिकेतील संशोधकांनी १९८७ सालीच दाखवून दिले की, माणसाच्या झोपेत श्वास अडण्याच्या विकाराशी मिळतीजुळती अवस्था बुलडॉगमध्ये निसर्गतः आढळते. रात्रभर असा अर्धवट झोपलेला श्वान दिवसभर सुस्त राहिला, तर तो आळस नव्हे आणि वयही नव्हे.

या सर्वांवर सोलापूरच्या उन्हाचा अंमल चालतो. श्वानाला आपल्यासारखा सर्वांगाला घाम येत नाही. पंजांच्या गाद्यांतील थोड्या ग्रंथी सोडल्या तर त्याच्या देहातील उष्णता बाहेर टाकण्याचे मुख्य साधन म्हणजे धापा टाकणे, आणि त्यायोगे जीभ, तोंड व नाक यांतील ओलाव्याचे बाष्पीभवन करणे. नाक जितके लांब तितका हा ओला पृष्ठभाग अधिक. बुलडॉगला तो जन्मतःच तोकडा मिळालेला असतो. श्वानाचे स्वाभाविक तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असते. चैत्र-वैशाखात सोलापूरचा पारा ४० अंशांवर चढतो आणि काही दिवस ४२-४३ अंशांवरही जातो, त्या वेळी बाहेरची हवा श्वानाच्या रक्ताहून उष्ण असल्यामुळे देहातील उष्णता हवेत सोडून देण्याचा मार्ग बंदच होतो. उरते ते केवळ बाष्पीभवन. सोलापूरची उन्हाळी हवा कोरडी, ही त्यातल्या त्यात अनुकूल गोष्ट, कारण कोरड्या हवेत बाष्पीभवन झपाट्याने होते. परंतु त्यासाठी पाणी खर्ची पडते, आणि अरुंद मार्गातून धापा टाकण्याच्या श्रमाने स्वतः छातीचे स्नायूच उष्णता निर्माण करू लागतात. धापांनी कंठ सुजतो, सुजेने मार्ग आणखी अरुंद होतो, मार्ग अरुंद झाल्याने धापा आणखी वाढतात; हे दुष्टचक्र म्हाताऱ्या, स्थूल बुलडॉगमध्ये अर्ध्या तासात प्राणावर बेतू शकते. इंग्लंडसारख्या सौम्य हवेच्या देशात २०२० साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीतही लॅब्राडॉरच्या तुलनेत बुलडॉगला उष्माघाताचा संभव सुमारे १४ पट आढळला. मग आमच्या विजापूर रस्त्यावर एप्रिलच्या दुपारी काय स्थिती असेल याचा अंदाज वाचकांनीच करावा.

व्यवहारात यावरून काही गोष्टी ओघानेच येतात. उन्हाळ्यातील फेरी उजाडण्यापूर्वी आटोपावी. संध्याकाळची फेरी केवळ सूर्य मावळला म्हणून सुरू करू नये, कारण डांबर आणि सिमेंट रात्री उशिरापर्यंत तापलेलेच असते. हाताची पालथी बाजू जमिनीवर काही क्षण टेकवून पाहावी, आणि आपल्याला सोसत नसेल तर त्याच्या पंजांनाही सोसणार नाही हे ओळखावे. गच्चीखालची खोली दिवसभर तापून रात्री उष्णता खाली सोडीत असते, म्हणून त्याचे निजणे खालच्या मजल्यावर, वाऱ्याच्या तोंडाशी असावे. पाण्याचा कूलर वैशाखात उत्तम काम देतो. परंतु मृगाच्या सरी पडून हवा दमट झाली की तोच कूलर खोलीतील दमटपणा वाढवून बाष्पीभवनास अडथळा करतो, आणि नेमके याच दिवसांत, "आता उन्हाळा संपला" अशा समजुतीने खबरदारी शिथिल झालेली असते. जून महिन्यातील ढगाळ, निर्वात दुपार ही मेमधील कडक दुपारइतकीच धोक्याची मानली पाहिजे. त्या वेळी कूलरचे पाणी बंद करून केवळ पंखा, किंवा साधत असेल तर वातानुकूलन यंत्र, हाच उपाय होय. गळ्यातील पट्टा कायमचा काढून छातीवरून जाणारा पट्टा वापरावा, हे तर बारमाही पथ्य आहे.

उष्माघाताची चिन्हे दिसली, म्हणजे जीभ गडद लाल होऊन पुढे निळसर पडू लागली, लाळ घट्ट व चिकट झाली, श्वासाला करवतीसारखा खरखरीत नाद आला, पाय लटपटू लागले, तर प्रथम थंड करावे आणि मग दवाखान्यात न्यावे. हा क्रम फार महत्त्वाचा आहे, आणि तो अद्यापि सर्वत्र उलट पाळला जातो. इंग्लंडातील नोंदींतही अशा श्वानांपैकी जेमतेम पाचव्या हिश्शाला वाटेवर निघण्यापूर्वी थंड करण्यात आले होते. येथे एक स्थानिक खबरदारी मुद्दाम सांगावीशी वाटते. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टॉवेल ही आमच्या शहराची कीर्ती. भौगोलिक मानांकनाचा मान मिळालेल्या या दोन वस्तू प्रत्येक घरात हाताशी असतात, आणि श्वान धापा टाकू लागला की त्याच्या अंगावर ओला टॉवेल लपेटून ठेवण्याकडे साहजिकच ओढा असतो. परंतु जाड ओले कापड थोड्याच वेळात देहाच्या उष्णतेने कोमट होते आणि बाष्पीभवनाला आडकाठी करते. वृद्ध श्वानासाठी श्रेयस्कर रीत ही की, साधे नळाचे पाणी त्याच्या पोटावर, मांड्यांवर, पाठीवर एकसारखे ओतावे आणि पंख्याचा जोरदार वारा त्यावर धरावा. तोंडात बळेच पाणी घालू नये. तापमान १०३ अंश फॅरनहाइटच्या आसपास उतरले की थांबावे. त्यानंतर तो बरा दिसला तरी पशुवैद्याकडे नेणे टाळू नये, कारण मूत्रपिंडाची आणि रक्त गोठण्याच्या क्रियेची हानी काही तासांनी, क्वचित एक-दोन दिवसांनी प्रकट होते.

श्वासाचा आणखी एक संबंध पोटाशी आहे, तो फारसा ज्ञात नाही. श्वास आत ओढताना छातीत जी ओढ निर्माण होते तिने अन्ननलिकेच्या खालच्या तोंडाशी जठराचा भाग वर सरकतो, आणि खाल्लेले अन्न वा फेस विनासायास बाहेर पडतो. ही वांती नव्हे. वांतीत पोट आवळले जाते, यात श्वान केवळ मान खाली घालतो आणि अन्न घरंगळते. हे अन्न श्वासनलिकेत गेल्यास फुप्फुसाचा दाह होतो, आणि म्हाताऱ्या बुलडॉगच्या मृत्यूचे ते एक वास्तविक कारण आहे. म्हणून थोडे थोडे, तीन-चार वेळा, उंचवट्यावर ठेवलेल्या ताटलीतून खाऊ घालावे, आणि जेवणानंतर लगेच पळवू नये.

खाण्याचा विषय निघालाच आहे तर वजनाविषयी बोलणे प्राप्त आहे. लॅब्राडॉर जातीच्या ४८ श्वानांवर अमेरिकेत आजन्म चाललेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, ज्यांना आपल्या जोडीदाराहून पाव हिस्सा कमी अन्न दिले गेले त्यांचे मध्यम आयुष्य ११.२ ऐवजी १३ वर्षे भरले, आणि सांध्यांचा विकारही त्यांना उशिरा जडला. औषधाच्या कोणत्याही बाटलीत याहून मोठी शक्ती असल्याचे मला ठाऊक नाही. बुलडॉगच्या बाबतीत तर मानेत व कंठाभोवती साचलेली चरबी श्वासाचाच मार्ग दाबते. बरगड्या हाताला सहज लागाव्यात, वरून पाहता कंबर दिसावी, ही कसोटी पुरेशी आहे. आमच्याकडे अडचण निराळी असते : म्हाताऱ्या श्वानाची दया येऊन आजी भाकरीचा तुकडा तुपात बुडवून देते, मुले बिस्किटे देतात, आणि पाहुणा आला म्हणजे तोही काहीतरी देतो. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीची साधी भाकरी अल्प प्रमाणात अपायकारक नाही. परंतु लसूण घातलेली शेंगाचटणी, कांदा घातलेले कालवण, मीठ-तिखट घातलेला रस्सा हे त्याच्यासाठी वर्ज्यच. कांदा-लसणाने श्वानाच्या तांबड्या पेशी फुटतात.

द्राक्षांची बाब त्याहूनही गंभीर आहे, आणि ती सोलापूर जिल्ह्यात विशेष आग्रहाने सांगितली पाहिजे. नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी सोनाका हे वाण ज्या भूमीत निवडून काढले, जेथे हंगामात पेट्याच्या पेट्या घरी येतात आणि बेदाण्याची वाटी फडताळात नित्य भरलेली असते, तेथे द्राक्षे व बेदाणे यांमुळे श्वानाची मूत्रपिंडे अकस्मात निकामी होऊ शकतात हे फार थोड्यांना माहीत असते. सुरक्षित प्रमाण असे काही सांगता येत नाही. एका श्वानाला मूठभर पचते, दुसऱ्याला चार दाणे बाधतात, आणि बेदाण्यात तोच अंश आटून अधिक तीव्र झालेला असतो. म्हाताऱ्या श्वानाच्या मूत्रपिंडाची राखीव शक्ती आधीच कमी झालेली असल्याने त्याला हे द्रव्य सर्वस्वी निषिद्ध समजावे, आणि चुकून खाल्ल्यास लक्षणांची वाट न पाहता तासा-दोन तासांच्या आत पशुवैद्य गाठावा.

सांध्यांची दुखणी या जातीत इतकी सार्वत्रिक आहेत की अमेरिकेतील अस्थिविकार नोंदणी संस्थेच्या नोंदींत तपासलेल्या बुलडॉगांपैकी सुमारे ७० टक्क्यांचे खुबे सदोष आढळतात. तरुणपणी भरदार मांड्या हा दोष झाकून ठेवतात. स्नायू ओसरू लागले की तो उघडा पडतो. उठताना मागचे पाय थरथरणे, बसताना एका कुल्ल्यावर कलंडणे, पायऱ्या नाकारणे, कधी मागचे पाय घासत चालणे ही लक्षणे दिसतात. यांतील शेवटचे लक्षण मणक्याच्या दोषाचेही असू शकते, आणि त्या वेळी विलंब घातक ठरतो. आमच्या जुन्या घरांतून घातलेली गुळगुळीत शहाबादी फरशी उन्हाळ्यात पोटाला गारवा देते म्हणून श्वानाला प्रिय असते, परंतु उठताना तिच्यावर पाय घसरतात आणि प्रत्येक घसरणीने सांधा थोडा अधिक दुखावतो. उठण्या-बसण्याच्या जागी आणि त्याच्या नेहमीच्या वाटेवर सतरंजीच्या किंवा रबराच्या पट्ट्या अंथरणे हा अगदी अल्प खर्चाचा उपाय, पण त्याचा गुण चार दिवसांत दिसतो. वेदनाशामक औषध पशुवैद्यानेच द्यावे. माणसांच्या कपाटातील आयबुप्रोफेन वा डायक्लोफेनॅक श्वानाच्या जठराला व मूत्रपिंडाला घातक आहे. आणि डायक्लोफेनॅकचा पशुवैद्यकीय वापर तर गिधाडांच्या संहारामुळे भारतात २००६ सालीच बंद करण्यात आला.

त्वचेच्या बाबतीत फार विस्तार नको. लंडनच्या वर उल्लेखिलेल्या पाहणीत सुरकुत्यांच्या आतील त्वचेचा दाह बुलडॉगमध्ये इतर श्वानांच्या ३८ पट आढळला, एवढे सांगितले म्हणजे पुरे. नाकावरच्या घड्या आणि वळलेल्या शेपटीखालची खाच या दोन जागा रोज पुसून कोरड्या ठेवाव्या. म्हातारा श्वान ताठ मणक्यामुळे स्वतःला चाटून स्वच्छ करू शकत नाही, त्यामुळे हे काम आता घरच्या माणसांकडे आलेले असते. शेपटीखालच्या खोल खाचेतील पू केवळ दुर्गंधीवरून कळतो. नाकाचे टोक कोरडे पडून भेगाळणे, कोपरांवर घट्टे पडणे ही वयाचीच लक्षणे, आणि साध्या मलमाने ती आटोक्यात राहतात.

डोळ्यांविषयी एक गैरसमज मात्र दूर केला पाहिजे. वृद्ध श्वानाची बाहुली निळसर धूसर दिसू लागली की मोतीबिंदू झाला असे घरोघरी समजले जाते. पुष्कळदा ती भिंगाच्या घट्टपणाने आलेली धूसरता असते, आणि तिने दृष्टी फारशी जात नाही. खरा शत्रू आहे तो अश्रू आटणे. डोळ्यांतून चिकट, पिवळट चिपड सतत येऊ लागले, तर त्याचा अर्थ पाणी जास्त येते असा नसून पाणी आटले असा बहुधा असतो. पशुवैद्य कागदाची छोटी पट्टी पापणीत एक मिनिट धरून अश्रूंचे मान मोजतो. १५ मिलिमीटर वा अधिक ओल स्वाभाविक, आणि १० च्या खाली उतरल्यास रोग गृहीत धरावा. धूळ आणि कोरडा वारा यांच्या या शहरात ही तपासणी दर सहामाहीस व्हावी. वेळीच औषध सुरू झाले तर दृष्टी वाचते.

थकवा, उदासपणा, अन्नावरची वासना उडणे ही सर्व वयाची लक्षणे वाटतात. परंतु पशुधनाने गजबजलेल्या आमच्या जिल्ह्यात, जेथे घरात नसले तरी गल्लीत श्वान आणि गोचीड असतातच, अशा प्रत्येक प्रसंगी गोचीडतापाची शंका प्रथम घ्यावी. गोचिडांच्या चाव्यातून शिरणारे एर्लिकिया आणि बॅबेसिया हे जंतू महिनोन्महिने देहात दबून राहतात, रक्तातील बिंबिका (प्लेटलेट) कमी करतात, हिरड्या पांढुरक्या पडतात, नाकातून रक्त येते, आणि घरची मंडळी म्हणतात की म्हातारपणाने अशक्त झाला. रक्ताची एक साधी तपासणी हा संशय दूर करते, आणि एर्लिकियावर डॉक्सिसायक्लीनचा इलाज सुपरिचित व स्वस्त आहे. वार्धक्याच्या नावाखाली बरा होणारा रोग दुर्लक्षिला जाण्याचे याहून ठळक उदाहरण मला आढळत नाही.

मूत्रमार्गाचे विकार नरमादीत भिन्न स्वरूपाचे असतात. बुलडॉगच्या नरांत सिस्टीन व युरेट या द्रव्यांचे मूतखडे जातीगत दोषाने होतात. थेंब थेंब लघवी, वारंवार कण्हणे, आणि सर्वस्वी अडल्यास काही तासांचा अवधी. मादीत, गर्भाशय काढलेले नसल्यास, माजानंतर महिन्या-दोन महिन्यांनी पाणी फार पिणे, सुस्ती आणि ताप अशी लक्षणे दिसली, तर गर्भाशयात पू झाल्याचा संशय घ्यावा; उन्हाळ्यात जादा पाणी पिणे स्वाभाविक मानले जाते म्हणून सोलापुरात हे निदान लांबण्याचा धोका अधिक. हृदयाचा नियमित आलेख, हिरड्यांची निगा, थायरॉइडची तपासणी या बाबी सहामाही भेटीत आपोआप होऊन जातात. रात्री भिंतीकडे तोंड करून उभे राहणे, दिवसरात्रीचा विसर पडणे, ओळखीच्या माणसावर गुरगुरणे ही मेंदूच्या वार्धक्याची चिन्हे होत. पण असे ठरविण्यापूर्वी वेदना आणि श्वास यांची खातरजमा करावी, कारण रात्री श्वास कोंडणारा श्वानही असाच अस्वस्थ हिंडतो.

शस्त्रक्रिया आणि भूल यांविषयी लोकांच्या मनात जी भीती आहे ती निराधार नाही, परंतु तिचे स्थान चुकले आहे. बुलडॉगला भूल देताना सर्वांत धोक्याचा काळ भूल उतरतानाचा असतो. नळी घशातून लवकर काढली तर मोठी जीभ व टाळू मार्ग बुजवतात. म्हणून भूल देण्यापूर्वी काही मिनिटे प्राणवायू देणे, आणि तो डोके उचलून नळी नाकारीपर्यंत ती न काढणे, या दोन गोष्टी होतात काय, हे धन्याने निःसंकोच विचारावे. नाकपुड्या रुंद करणे व टाळू आखूड करणे यांचा लाभ तरुणपणी अधिक मिळतो; कंठाच्या कुर्च्या कलंडल्यानंतर तो मर्यादित असतो, तथापि केवळ वयाच्या सबबीवर तो नाकारू नये. महाराष्ट्रात पशुवैद्यकाची परंपरा जुनी आहे. परळचे महाविद्यालय १८८६ सालचे, आणि २००० साली नागपूरला स्वतंत्र विद्यापीठ होऊन शिरवळ, उदगीर, परभणी येथील महाविद्यालये त्यात सामील झाली. जिल्ह्यातील सरकारी दवाखान्यांचा मुख्य भार मात्र गाई-म्हशी आणि शेळ्या-मेंढ्यांचा, आणि तो तसा असणे न्याय्यही आहे. त्यामुळे कंठाच्या नाजूक शस्त्रक्रियेसाठी सुमारे २५० किलोमीटरवरील पुणे किंवा त्याही पलीकडची मुंबई गाठणे भाग पडते. हा प्रवास रात्रीचा, थंड केलेल्या मोटारीतून करावा. आगगाडीने न्यावयाचे तर पहिल्या वर्गाचा सबंध कूपे राखून न्यावे. गार्डाच्या डब्यातील बंद पेटी या जातीसाठी, आणि तीही म्हातारपणी, मला सर्वथा अमान्य आहे.

या दुःखांचे मूळ पैदाशीत आहे, हे आता देशोदेशीचे कायदेही मानू लागले आहेत. नेदरलँड्सने नाकाची लांबी कवटीच्या एक तृतीयांशाहून कमी असलेल्या श्वानांच्या पैदाशीस मज्जाव केला. ऑस्लोच्या न्यायालयाने २०२२ च्या जानेवारीत बुलडॉगची पैदास बेकायदा ठरविली, आणि वरिष्ठ न्यायालयाने त्याच वर्षी बुलडॉगपुरता तो निर्णय फिरविला. भारतात २०१७ चे श्वानपैदास व विक्रीचे नियम नोंदणी, पिलांचे वय आणि मादीची विण्याची मर्यादा यांबाबत बंधने घालतात, परंतु नाकाविषयी ते मौन पाळतात. हे मौन सुटले पाहिजे असे माझे ठाम मत आहे. तोवर नवे पिलू घेणाऱ्याने निदान त्याचे आईबाप चालवून पाहावेत. जे चार मिनिटांच्या चालीत घरघरतात, त्यांची संतती घेऊ नये.

शेवटी, निरोपाची वेळ. खाणे, उठणे, घरच्यांना ओळखून शेपूट हलविण्याचा प्रयत्न करणे आणि शांत झोपणे या चार गोष्टींची नोंद त्याच वहीत रोज ठेवली, तर वाईट दिवस चांगल्या दिवसांहून अधिक केव्हा झाले हे कळते. भावनेच्या भरात दयामरणाचा निर्णय पुढे ढकलणे किंवा घाईने घेणे या दोन्ही गोष्टी त्यामुळे टळतात. बुलडॉगच्या बाबतीत हा निर्णय बहुधा श्वासाच्या कारणानेच घ्यावा लागतो, आणि तो वैशाखापूर्वी घ्यावा लागण्याची शक्यता ध्यानी धरून पशुवैद्याशी माघ-फाल्गुनातच मोकळेपणाने बोलून ठेवावे. शक्य असेल तर त्यांना पहाटेच्या गारव्यात घरी बोलवावे. प्रथम देण्याच्या गुंगीच्या औषधानेही या जातीचा कंठ सैल पडून श्वास कोंडतो. यास्तव श्वासाचा जुना त्रास त्यांना अगोदर सांगावा, म्हणजे शिरेत सुई आधीच बसवून ठेवता येते आणि गुंगी व अंतिम औषध यांच्यात खंड पडत नाही. तोवर त्याला आडवे पाडू नये. छातीवर बसलेला, हनुवटी कुणाच्या तरी मांडीवर उंच टेकवलेली, अशा त्याच्या नेहमीच्या बैठकीतच राहू द्यावे, कारण त्याच बैठकीत त्याला श्वास घेणे सोपे जाते.